सतरा नंबरचा शिक्का

खांबेट्यांच्या घरी जेवायला जायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. स्वयंपाक कांचन करायची आणि फार छान करायची, पण ताट आपल्यासमोर येण्याआधी चारुदत्त खांबेटे त्यावरून एकदा नजर फिरवायचे. पापडाला चीर गेलेली असली तर तो बाजूला. वाटी डुगडुगत असली तर तीही बाजूला. दुकानात नारळ घ्यायला गेले की दहा-बारा नारळ एकेक करून कानाशी नेऊन हलवायचे. आजूबाजूच्या अमेरिकन बायका सामानाची गाडी थांबवून, हा माणूस त्या फळाशी काय बोलतोय ते बघत राहायच्या. त्यांना मात्र त्याचं काही नसायचं. पाणी वाजलं की नारळ पास, नाही वाजलं की परत फळीवर.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही एकाच रस्त्यावर राहायचो, मध्ये तीन घरं सोडून. मी सुलभा, तेव्हा आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. या गोष्टीला आता सहा वर्षं झाली, म्हणून लिहायला हरकत नाही. शिवाय यात सगळ्यात जास्त शोभा माझीच झाली होती, त्यामुळे दुसऱ्या कुणी लिहिण्याआधी मीच लिहिलेलं बरं.

खांबेटे कोलंबसच्या उत्तरेला एका छोट्या कारखान्यात तपासनीस होते. वैमानिकाच्या मास्कला ऑक्सिजन सोडणारा एक व्हॉल्व्ह तिथे बनायचा. पेरूएवढी वस्तू. विमान उंच गेलं की तो आपोआप उघडतो आणि आत बसलेला माणूस श्वास घेत राहतो. तपासलेला नग पास झाला की कागदावर तपासनिसाचा शिक्का उठायचा. प्रत्येकाचा शिक्का वेगळा, त्यावर प्रत्येकाचा आकडा. खांबेट्यांचा आकडा सतरा. तो चिमुकला शिक्का त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असायचा आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा त्यावरून फिरत असायचा. एकदा दीपाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, गणिताच्या वहीत सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून त्यांनी कौतुकानं तिथे शिक्का उठवला. दुसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी आली, की हे सतरा कितीपैकी आहेत ते कळवावं.

त्यांच्या बैठकीत टीव्हीवर धाकट्या भावाचा फोटो होता. रवी, भारतीय हवाई दलात वैमानिक, गणवेशात, बाजूला विमानाचं चाक. खांबेट्यांना स्वतःलाच वैमानिक व्हायचं होतं, पण डोळे तपासणीत नापास झाले. सगळ्या जगाला पास-नापास करणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा नापास केलं ते हवाई दलानं, असं कांचन म्हणायची. ते हसायचे, पण फोटोवरची धूळ मात्र दर रविवारी स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

तर एकोणीसशे त्र्याऐंशी साल. पाकिस्तानला अमेरिकेची नवी लढाऊ विमानं मिळायला लागली होती आणि आमच्या मंडळात त्याची अतोनात चर्चा चालायची. भारतातून येणारी साप्ताहिकं आठवडाभर शिळी होऊन पोचायची, पण आमचा संताप ताजा असायचा. आम्ही सगळे डॉक्टर, इंजिनियर आणि त्यांच्या बायका. कुणी कधी बंदूक हातात घेतली नव्हती. तरी बटाटेवडे खाता खाता आम्ही पाकिस्तानला दोनदा हरवत असू, आणि चहा आला की तिसऱ्यांदा. मंडळाचे अध्यक्ष डॉ. एकनाथ सामंत यात सगळ्यात पुढे. ते इस्पितळात भूल द्यायचे. त्यांची भाषणं ऐकली की हा पेशा त्यांनी का निवडला हे लगेच समजायचं.

त्या सप्टेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळी कांचनचा फोन आला. आवाज रडवेला.

"सुलभा, यांनी पाकिस्तानचा माल अडवलाय. दोनशे नग. नापासाची लाल चिठ्ठी लावली. आज त्या रॉननं, यांच्या साहेबानं, यांचा शिक्का काढून घेतला. सोमवारपासून स्टोअररूममध्ये जुन्या फायली लावायला बसवणार आहेत."

"म्हणजे पाकिस्तानच्या हवाई दलाचा माल?"

"हो ना. रॉन यांना म्हणाला, चार्ली, तुझा भाऊ इंडियन एअर फोर्समध्ये आहे, फोटो मी तुझ्या घरी बघितलाय. तू हे मुद्दाम केलंस. आणि हे बघ, कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगितलं नाही. फक्त डॉक्टर सामंतांना सांगितलं.

इथे माझी बाजू मांडायला काही जागा नाही, पण तरी मांडते. माझ्या डोळ्यांसमोर जे उभं राहिलं ते असं: आमच्या गल्लीतला, पापड तपासणारा साधा माणूस, आणि त्यानं देशासाठी नोकरी पणाला लावली. अंगावर काटा आला. माल का अडवला, हे विचारायचं मला सुचलंच नाही. कारण मला माहीतच होतं ना. सामंतांनाही माहीत होतं. फोनवर ते दोन मिनिटं गप्प राहिले, आणि सामंत दोन मिनिटं गप्प राहतात म्हणजे प्रसंग काय असेल बघा. मग म्हणाले, "सत्कार. पुढच्या शनिवारी, गणपतीच्या कार्यक्रमात. शाल-श्रीफळ. त्यांना आधी कळू द्यायचं नाही."

आमच्या मंडळात शाल-श्रीफळाची एक पद्धत होती. शाल नेहमी एकच, सामंतबाईंची, काश्मिरी. सत्कार झाला की सत्कारमूर्ती ती आपणहून परत करायचे. नारळ मात्र नवा आणायचा. तो मी आणला, आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटमधून, विनाशेंडीचा, काळपट. हलवून वगैरे बघितला नाही. सत्काराचा नारळ, त्याला काय हलवायचं.

मग मी कार्यक्रमाची जाहिरात केली. पोरांना मराठी वाचता येत नाही म्हणून खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: 'पाकिस्तानची विमानं अडवणारा माणूस, श्री. चारुदत्त खांबेटे यांचा जाहीर सत्कार. नंतर जेवण. सर्वांना आमंत्रण.' आणि गावात देशी वाणसामानाचं जे एकुलतं एक दुकान होतं त्याच्या काचेवर तो कागद चिकटवला. कांचनच्या नजरेला पडू नये म्हणून त्या आठवड्याचं तिचं वाणसामान मीच तिच्या घरी पोचतं केलं. ती म्हणाली, "किती गं करतेस माझ्यासाठी." मला फार बरं वाटलं.

शनिवारी चर्चचा हॉल आम्ही भाड्यानं घेतला होता. एका टोकाला थर्माकोलच्या मखरात गणपती, दुसऱ्या टोकाला जेवणाची टेबलं, मध्ये घडीच्या खुर्च्या. दारातल्या टेबलावर मी नावाच्या पट्ट्या आणि जेवणाची कुपनं घेऊन बसले होते. सहाच्या सुमाराला एक उंच, बारीक मिशीवाला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस आत आला. कोट, टाय, बूट आरशासारखे. मी ओळखलं नाही. कुणाचा तरी पाहुणा असेल असं वाटलं.

"जी, मैंने दुकान पर इश्तिहार देखा," तो म्हणाला. "खांबेटे साहब को देखना था."

सत्कारमूर्तीला बघायला परगावाहून माणसं येऊ लागली, या आनंदात मी त्याला कुपन दिलं, कपाळाला गंध लावायला हात पुढे केला, तेव्हा तो नम्रपणे थोडा मागे सरकला. मी म्हटलं असेल संकोची. त्याला दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं.

आरती झाली. पोरांची दोन गाणी झाली. मग सामंत उठले आणि बोलू लागले. लहान तोंडी मोठा घास घेणाऱ्या शेजाऱ्यांपासून सुरुवात करून ते हळूहळू पानिपतापर्यंत मागे गेले, तिथून परत आले, आणि शेवटी म्हणाले, "अशा वेळी एक मराठी माणूस एकटा उभा राहतो आणि शत्रूची विमानं जमिनीवरच रोखून धरतो. श्री. चारुदत्त खांबेटे, कृपया मंचावर यावं."

सगळ्या माना वळल्या. चौथ्या रांगेत खांबेट्यांचा चेहरा पांढरा पडला. शेजारी बसलेली दीपा, तेरा वर्षांची, मोठ्यांदा म्हणाली, "बाबा, आर यू अ स्पाय ऑर समथिंग?" आणि कांचननं माझ्याकडे असं बघितलं की मला नावाच्या पट्ट्या नीट लावायची एकदम घाई झाली.

ते मंचावर गेले. सामंतांनी शाल उलगडली. मी तबकात नारळ घेऊन उभी. खांबेट्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"डॉक्टर, ही शाल घालू नका," ते म्हणाले. "आधी माझं ऐका. सोमवारी माझ्या मालाची पुन्हा चाचणी आहे. त्यांचा कुणी अधिकारी येणार आहे बघायला. रॉनचं म्हणणं आहे की मी पाकिस्तानचा म्हणून माल अडवला. मी आठवडाभर त्याला सांगतोय की नाही. आणि आज तुम्ही सगळे इथे टाळ्या वाजवून सांगताय की हो."

सामंतांचे शाल धरलेले हात खाली आले. खांबेटे पुढे बोलू लागले.

"तो व्हॉल्व्ह चार तास फ्रीजरमध्ये ठेवायचा, मग तपासायचा, असा नियम आहे. वर थंडी फार असते. आमचा फोरमन तासाभरातच काढत होता, घाई म्हणून. मी चार तास ठेवले. चाळीस नग घेतले, त्यांतले अकरा वेळेवर उघडलेच नाहीत. आतलं रबर गोठून कडक झालं होतं. चाळीस सेकंद उघडले नाहीत." त्यांनी ताटावरून फिरवावी तशी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी पाकिस्तानचं काही बिघडवलं नाही हो. माल पाठवला असता तर बिघडवलं असतं. मी त्यांची माणसं वाचवली. आता यासाठी शाल घालायची असेल तर घाला."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मग अडवला कशाला, जाऊ द्यायचा होता की यार." दोघे-तिघे हसले.

खांबेटे त्या बाजूला वळले. त्यांना इतकं चिडलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. "खाली माझा शिक्का असता त्यावर," ते म्हणाले. "सतरा नंबर. माझा."

हसणारे गप्प झाले, पण पटलं कुणाला नव्हतं. चेहरे दिसत होते मला. माझाही तसाच असणार. तेवढ्यात सामंतांनी हळू आवाजात विचारलं, "किती सेकंद म्हणालात?"

"चाळीस."

"किती उंचीवर?"

"पस्तीस हजार फूट धरा."

शाल सामंतांच्या हातातच होती. त्यांनी तिची घडी घातली. माणसाचा श्वास हातात धरून बसायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. चाळीस सेकंद म्हणजे काय, हे आमच्या कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्यांच्या डोक्यात पुरतं शिरलं होतं. ते ध्वनिक्षेपकापासून दूर होऊन साध्या आवाजात बोलले, आणि त्यांचं ते एकच भाषण मला पाठ आहे.

"त्याला कळतही नाही," ते म्हणाले. "गुदमरल्यासारखं होत नाही. उलट बरं वाटतं, गंमत वाटते. हसतो कधीकधी. मग मान पडते." आणि मंचाच्या पायरीवरच बसले.

तेव्हा दुसऱ्या रांगेतला तो उंच माणूस उभा राहिला. भाषण सगळं मराठीतून झालेलं, पण शेजारी बसलेला कुणी त्याच्या कानात हिंदीतून सांगत होता असं मागून कळलं. तो मंचापाशी आला, टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "विंग कमांडर मुनीर कुरेशी, पाकिस्तान एअर फोर्स. सोमवार को मैं ही आ रहा हूँ, खांबेटे साहब."

मी हातातलं तबक जवळच्या खुर्चीवर ठेवून दिलं. काचेवर तो कागद मी लावला होता. मोठी अक्षरं मी काढली होती. या माणसाला दुसऱ्या रांगेत नेऊन मी बसवलं होतं. एका माणसाचं सगळं नाव बुडवायला जेवढं लागतं तेवढं मी एकटीनं, आठ दिवस खपून, प्रेमानं केलं होतं.

"टेस्ट चार घंटे की है न?" कुरेशींनी विचारलं.

"हो. हाँ. चार."

"तो पूरे चार घंटे देखूँगा." मग त्यांनी माझ्याकडे बघून खिशातलं कुपन दाखवलं. "बहनजी, खाना इसी पर मिलेगा?"

मी त्यांना वाढलं. मोदक चार, आमटी दोनदा. माल ताब्यात घ्यायला येऊन मोटेलमध्ये तीन आठवडे काढलेला माणूस कसा जेवतो ते त्या दिवशी बघितलं. आमचे पाकिस्तानला तीनदा हरवणारे वीर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला दाटीवाटीनं उभे राहून जेवत होते, आणि त्यांच्यातल्या एकानं शेवटी धीर करून त्यांना लोणचं पुढे केलं, इतपतच.

सोमवारी काय झालं ते मला खांबेट्यांनीच सांगितलं, बरंच नंतर. सांगताना अंगठा शिक्क्यावरून फिरत होता, म्हणजे शेवट काय झाला ते आलंच.

चाळीस नग फ्रीजरमध्ये ठेवले. फ्रीजरसमोर दोन स्टूल. रॉन दर अर्ध्या तासानं डोकावून जायचा. बाकी चार तास हे दोघे. पहिला तास घड्याळ बघण्यात गेला. खांबेट्यांचं हिंदी बेतास बात, कुरेशींचं इंग्रजी साहेबी. मग कुरेशींनी विचारलं, "आपके भाई हैं न इंडियन एअर फोर्स में? रॉन ने बताया."

"हाँ. छोटा भाई."

"क्या उड़ाते हैं?"

"वो नहीं बताऊँगा," खांबेटे म्हणाले.

कुरेशी इतके हसले की रॉन धावत बघायला आला. "अच्छा किया," ते म्हणाले. "मैं भी नहीं बताता."

त्यानंतर मात्र कुरेशी बोलत राहिले. त्यांच्याकडे एक विमान बंद पडलं की त्याचे भाग काढून दुसरं उडवतात, मग तिसऱ्याचे काढून पहिलं. एकेक स्क्रू जपून ठेवतात. तुमच्या देशाशी आम्ही बरोबरी करायला बघतो, पण नकाशा उघडला की खरं काय ते कळतं, असं हसत म्हणाले. आणि मग हसणं थांबवून म्हणाले, "आप बड़े हैं. हम छोटे हैं. हमारे पास एक के बदले दूसरा नहीं होता. हवाई जहाज़ भी नहीं, लड़का भी नहीं. जो नहीं लौटता, उसकी बेटी का नाम तक सबको मालूम होता है."

खांबेट्यांनी स्टूल त्यांच्याकडे वळवलं. ते म्हणाले, "मेरी बेटी का नाम दीपा है." का म्हणालो ते मला माहीत नाही, असं मला सांगताना ते दोनदा म्हणाले.

चार तास झाले. नग बाहेर काढले. या वेळी अकराऐवजी तेरा वेळेवर उघडले नाहीत. कुरेशींनी घड्याळ लावून प्रत्येकाचे सेकंद स्वतः लिहिले, खाली सही केली, आणि तो कागद रॉनसमोर ठेवला. रॉननं खण उघडला, शिक्का काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "सॉरी, चार्ली." खांबेट्यांनी शिक्का उचलून आधी उजेडात धरून बघितला, आकडा झिजला तर नाही ना. रॉनला ते मनाला लागलं म्हणे. मला नाही वाटत त्यांनी मुद्दाम केलं. ते तसेच आहेत.

नवं रबर आलं, पुन्हा दोनशे नग झाले, आणि खांबेट्यांनी ते सगळे, चाळीस नव्हे, दोनशेच्या दोनशे, चार-चार तास थंडीत ठेवून तपासले. सगळे पास. दोनशे कागदांवर सतरा नंबर उठला आणि माल पाकिस्तानला गेला.

आता खरी पंचाईत झाली ती घरात. कांचन भांडणारी बाई नाही. पण एक दिवस टीव्हीवरचा फोटो त्यांच्याआधी तिनं पुसला आणि पुसता पुसता म्हणाली, "उद्या रवी भाऊजींच्या समोर नेमका त्यांतलाच एक आला तर?" खांबेट्यांचा अंगठा शिक्क्यावर थांबला. मी तिथेच होते, स्वेटरचा नमुना घ्यायला गेले होते. त्यांचा चेहरा बघून नमुना न घेताच परत आले. त्यांनी त्या दिवशी रवीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं नाही, लिहिता येण्यासारखं नव्हतंच. एवढंच, की मी एका मालावर शिक्का मारलाय, तो तुमच्या पलीकडच्या लोकांचा आहे, आणि तू मला काय म्हणशील ते मला ऐकायचंय.

मंडळात इकडे दोन घरांनी आमच्याकडे येणं बंद केलं. मी पत्रकात चूकदुरुस्ती छापली: 'श्री. खांबेटे यांनी पाकिस्तानची विमानं अडवल्याचं मागील जाहिरातीत म्हटलं होतं, ते चूक होतं. त्यांनी खराब माल अडवला. चूक सेक्रेटरीची.' सामंत म्हणाले, शेवटचं वाक्य काढा. मी काढलं नाही. शाल सामंतबाईंच्या कपाटात परत गेली. नारळ मात्र माझ्या फ्रीजच्या डोक्यावर बसून राहिला. सत्कारासाठी आणलेला नारळ फोडून आमटीत घालवेना, टाकवेना. रोज दूध काढायला गेलं की तो वरून बघायचा.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा कांचननं बोलावलं. रवीचं पत्र आलं होतं. मी निघताना काय वाटलं कोण जाणे, फ्रीजवरचा नारळ उचलला आणि घेऊन गेले.

पत्र निळं, घडीचं, बारीक अक्षरांत. आधी आईच्या गुडघ्याचं, मग घराच्या गळतीचं, आणि शेवटी चार ओळी. कांचननं त्या मोठ्यानं वाचल्या.

"दादा, माझा मास्क कोण तपासतो मला माहीत नाही. मी रोज तो तोंडाला लावतो आणि त्या माणसावर विश्वास ठेवून वर जातो. पलीकडच्यांचं काम तू तपासलंस हे वाचून, खरं सांगू, मला त्यांचा थोडा हेवा वाटला. समोर कुणी आलाच तर तो शुद्धीवर असावा. बेशुद्ध माणसाला पाडून आईला काय सांगू?"

खांबेटे खिडकीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळ्याला लावला, परत काढला. मग वळून म्हणाले, "पत्राला एकोणीस दिवस लागले. बारात यायला हवं."

मी नारळ पुढे केला. शाल नव्हती, भाषण नव्हतं, कुंकू लावायचं तेवढं लावून आणलं होतं. म्हटलं, "हा तुमचा राहिला होता."

त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. मी वाट बघत होते, आता कानाशी नेतील म्हणून. पंधरा वर्षांच्या ओळखीत त्यांच्या हातात आलेला एक नारळ मी न हलवलेला बघितला नव्हता. त्यांनी तो हलवला नाही. टीव्हीजवळ गेले आणि रवीच्या फोटोशेजारी, तो गडगडू नये म्हणून खाली रुमालाची चुंबळ करून, ठेवला.

नारळ नासका निघाला होता. फोडल्यावर घरभर वास सुटला म्हणे, दीपा नाक धरून बाहेर पळाली. हे मला कांचननं दोन वर्षांनी सांगितलं, तेही चुकून. खांबेट्यांनी तिला बजावून ठेवलं होतं की सुलभाला हे कळता कामा नये. हातात घेताक्षणी त्यांना वजनावरूनच समजलं होतं. खराब आहे हे माहीत असून त्यांनी पास केलेला तेवढा एकच नग.